पुण्यात अमली पदार्थांचे गुन्हे वाढले, म्हणजे नक्की काय वाढलं?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी विद्यार्थिनी पुण्यात एम.एस.डब्ल्यू. करते आहे आणि तिच्या प्रबंधाचा विषय आहे ‘व्यसनाधीनता आणि शहरातील गुन्हेगारी’. वर्तमानपत्रांतून आणि पोलिसांच्या पत्रकार परिषदांमधून तिनं पाच-सहा वर्षांचे आकडे जमवले आहेत. गुन्हे वाढलेत, जप्त मालाची किंमत तर कुठल्या कुठे गेली आहे. तिला विचारायचंय की यावरून पुण्यात नशा वाढली असं लिहिता येईल का, नशेमुळे चोऱ्यामाऱ्या वाढतात हे आकड्यांनी कसं दाखवायचं, आणि शिक्षा कमी पडताहेत का.

मी शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात २२ वर्षं वकिली करतोय. त्यातली बरीचशी विधी सेवेच्या पॅनलवर, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही अशांच्या बाजूनं. एनडीपीएसच्या, म्हणजे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, केसेस मी आरोपीच्या बाजूनंच लढलो आहे, तेव्हा माझा कल कुठे आहे हे आधीच सांगून ठेवतो. आकड्यांचा नाद उशिरा लागला, पण लागला तो सुटला नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, असं लिहू नका.

घरफोडी झाली की घरमालक चौकीत येतो. गाडी गेली की विम्यासाठी का होईना, तक्रार होते. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात तक्रार घेऊन येणारं कुणी नसतंच. विकणाऱ्याला पैसे मिळाले, घेणाऱ्याला माल मिळाला, दोघंही आपापल्या वाटेनं गेले. इथे पोलिसच माहिती काढतात, पोलिसच सापळा लावतात आणि ‘सरकारतर्फे’ फिर्यादही पोलिसच देतात. त्यामुळे पथकात माणसं वाढली की गुन्हे वाढतात, आणि गणपतीच्या बंदोबस्ताला पथक पाठवलं की गुन्हे कमी होतात. तुमच्याकडे जो आकडा आहे तो पोलिसांच्या कामाचा आहे. लोकांच्या सवयीचा आकडा वेगळा असतो आणि तो वेगळ्या मार्गानं काढावा लागतो.

पुण्याचंच बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ससून रुग्णालयातून एमडी, म्हणजे मेफेड्रोन या अमली पावडरीच्या, प्रकरणातला आरोपी पळाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतला एमडीचा कारखाना सापडला आणि त्याचे धागे सांगलीपासून दिल्लीपर्यंत गेले. जूनमध्ये फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका बारच्या स्वच्छतागृहातला व्हिडिओ घरोघरी पोचला. प्रत्येक वेळी विधानसभेत आवाज उठला, अधिकाऱ्यांवर दबाव आला, मोहिमा निघाल्या. मोहीम निघाली की नाक्यावरच्या चिलीम ओढणाऱ्याला उचललं जातं, कारण तो लगेच सापडतो. तुमच्या आलेखात २०२३-२४ ला जो उंचवटा दिसतोय त्यात हे सगळं मिसळलेलं आहे. नशा वाढलेली असूही शकते. मला स्वतःला एमडी वाढल्यासारखं वाटतं. पण माझं वाटणं म्हणजे पुरावा नव्हे आणि तुमचा आलेखही नव्हे.

एमडीबद्दल एक गंमत सांगतो. मेफेड्रोन एनडीपीएसच्या यादीत आलं ते फेब्रुवारी २०१५ मध्ये. त्याआधी ते विकलं जात होतंच, पण या कायद्याखाली तो गुन्हा नव्हता. म्हणजे २०१४ चा आकडा शून्य. २०१४ पासून आलेख काढलात तर वाढ अनंतपट निघेल!

तुमच्या तक्त्यात आणखी एक खड्डा आहे, आणि तो फक्त पुण्याचा आहे. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं पोलिस आयुक्तालय वेगळं झालं. पुणे शहराकडची आणि ग्रामीणकडची काही ठाणी तिकडे गेली. पुढे लोणी काळभोर आणि लोणीकंद ग्रामीणकडून शहराकडे आली. म्हणजे २०१७ चं ‘पुणे शहर’ आणि २०२२ चं ‘पुणे शहर’ हा एकच भूभाग नाही. त्यात जनगणना झाली ती २०११ ला. तेव्हा पुणे नागरी समूह ५०.५ लाखांचा होता आणि त्यात पिंपरी-चिंचवड धरलेलं होतं. दर लाखामागे गुन्हे काढताना वर कुठलं पुणे आहे आणि खाली कुठलं, हे एकदा हातानं तपासा. मी तपासलेल्या दोन प्रबंधांत अंश एका पुण्याचा आणि छेद दुसऱ्याच पुण्याचा होता.

आता जप्तीची किंमत. ती कोष्टकातून काढूनच टाका. ‘आंतरराष्ट्रीय बाजारात इतके कोटी’ हा हिशेब साधारणपणे किरकोळ विक्रीच्या दराला किलोंनी गुणून होतो. कारखान्याच्या दारात तो माल त्या भावानं कुणी घेत नाही. आणि किलो घेतलेत तरी बेतानं वापरा. कुरकुंभ प्रकरणात मिळून दीड हजार किलोहून जास्त एमडी सापडलं. हा एक आकडा तुमच्या बाकी सगळ्या वर्षांना गिळून टाकतो. त्यापेक्षा जप्त्या किती झाल्या ते मोजा आणि एका जप्तीतलं वजन सरासरीनं न सांगता मध्यकानं, म्हणजे चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्यानं, सांगा.

मग नशा किती आहे हे कशावरून कळायचं? देशपातळीवर बऱ्यापैकी भरवशाचं एकच मोठं सर्वेक्षण आहे. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं केलेलं, २०१९ ला प्रसिद्ध झालेलं. दोन लाखांहून जास्त घरं आणि पावणेपाच लाखांच्या आसपास माणसं. त्यात १० ते ७५ वयोगटात दारू पिणारे १४.६ टक्के, भांग-गांजा-चरस मिळून २.८ टक्के आणि अफूच्या कुळातले पदार्थ, म्हणजे अफू, हेरॉईन, वेदनाशामक औषधं वगैरे, २.१ टक्के निघाले. हे आकडे राज्यांपर्यंत उतरतात, पुण्यापर्यंत नाही. पण त्यातली एक गोष्ट तुमच्या विषयाच्या मुळाशी आहे: सगळ्यात मोठं व्यसन दारूचं आहे आणि दारू एनडीपीएसमध्ये नाहीच. तिच्यासाठी १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि त्याची आकडेवारी वेगळ्या रकान्यात जाते. ‘व्यसन आणि गुन्हेगारी’ असं शीर्षक देऊन दारू वगळली, तर बायकोला मारहाण, अपघात, नाक्यावरची हाणामारी हे सगळं तुमच्या प्रबंधाबाहेर राहील.

दुसरा स्रोत व्यसनमुक्ती केंद्रांचा. पुण्यात मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी १९८६ च्या ऑगस्टमध्ये येरवड्याला सुरू केलेलं. सुरुवात गर्दच्या, म्हणजे भेसळीच्या हेरॉईनच्या, रुग्णांपासून झाली, पुढे दारूचे रुग्ण मोठ्या संख्येनं आले. असल्या केंद्रांच्या नोंदी फार मोलाच्या असतात, पण त्यांचं घड्याळ मागे चालतं. माणूस नशेला लागल्यापासून दाखल होईपर्यंत बरीच वर्षं जातात, आणि दाखल होतो तोही घरच्यांनी हातापाया पडून आणलेला. आजची नोंद ही काही वर्षांपूर्वीच्या शहराची खबर असते.

शिक्षेचा प्रश्न मी आधी घेतो, कारण माझा सगळा जन्म त्यात गेला.

एनडीपीएसमध्ये शिक्षा वजनावर ठरते. १९८५ ला कायदा आला तेव्हा असं नव्हतं. गर्दची पुडी विकायला आहे असं ठरलं की किमान दहा वर्षं, मग पुडी एक असो की पोतं. २००१ च्या दुरुस्तीनं तीन पायऱ्या केल्या: अल्प मात्रा, व्यापारी मात्रा आणि मधली. गांज्याला अल्प म्हणजे एक किलोपर्यंत, व्यापारी म्हणजे २० किलोच्या वर. हेरॉईनला ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. एमडीला २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. अल्प मात्रेला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत, पण किमान काही नाही, न्यायाधीशाच्या हातात मोकळीक आहे. व्यापारी मात्रा झाली की किमान दहा वर्षं, कमाल वीस, आणि दंड एक लाखापासून पुढे. शिवाय कलम ३७ लागतं, म्हणजे आरोपी निर्दोष असावा असं कोर्टाला सकृद्दर्शनी वाटल्याशिवाय जामीन नाही.

म्हणजे एमडीचे ५१ ग्रॅम नेणारा पोरगा आणि दीड हजार किलो बनवणारा कारखानदार कायद्याच्या एकाच पायरीवर. वजनात फरक तीस हजार पटींचा. आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हिरा सिंग खटल्यात सांगितलं की वजन धरायचं ते मिसळलेल्या पावडरीसकट, शुद्ध मालाचं नव्हे. निम्मी भेसळ असली तरी भेसळीचीही शिक्षा. त्यामुळे एखाद्या वर्षी ‘व्यापारी मात्रेचे गुन्हे वाढले’ असं दिसलं, तर मोठे व्यापारी सापडले असा अर्थ परस्पर काढू नका.

वजन म्हणजे काय चीज आहे ते एका केसमध्ये दाखवतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. रात्री साडेदहा, पदपथावर पंचनामा, पथकानं जवळच्या दुकानदाराला इलेक्ट्रॉनिक काट्यासह बोलावलं. आरोपी विशीतला, डिलिव्हरीचं काम करणारा. पंचनाम्यात वजन ५१.३ ग्रॅम. व्यापारी मात्रा. जामीन फेटाळला, वरच्या कोर्टानंही फेटाळला. साक्षीला तो दुकानदार उभा राहिला तेव्हा मी त्याला एकच विचारलं, पावडर काढून मोजली की पिशवीसकट? तो म्हणाला, ‘‘साहेब, पिशवीतच होती, तशीच ठेवली काट्यावर.’’ मुद्देमाल उघडला. झिपवाल्या दोन पिशव्या, एकीत एक घातलेल्या. रिकाम्या मोजल्या तर २.१ ग्रॅम. ५१.३ मधून २.१ गेले, राहिले ४९.२. दहा वर्षांची किमान शिक्षा त्या दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत होती. तोवर पोरगा येरवड्याच्या तुरुंगात तीन वर्षांला थोडे दिवस कमी इतका राहून झाला होता. कोर्टानं मधल्या मात्रेखाली दोषी धरून भोगलेली कैद पुरेशी मानली.

आता ही केस तुमच्या आकडेवारीत कशी दिसेल? गुन्हा नोंदला त्या वर्षी एक. दोषसिद्धी, निकाल लागला त्या वर्षी एक. शिक्षा तीन वर्षांच्या आत. वरवर बघणारा म्हणेल, कोर्ट सौम्य आहे. ती तीन वर्षं निकालाआधीच, कच्चा कैदी म्हणून काढली हे त्या आकड्यात दिसत नाही, आणि निर्दोष सुटलेल्याची तीन वर्षं तर ‘शिक्षा’ या रकान्यात कधीच येत नाहीत. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यातले साधारण ७६ टक्के कच्चे कैदी होते. शिक्षेचा अभ्यास फक्त निकालपत्रांवरून केला तर तुरुंगातला हा तीन-चतुर्थांश भाग हातातून निसटतो.

सरासरी शिक्षा काढण्याचा मोह सगळ्यांना होतो. कल्पनेतला हिशेब करू. शंभर जण दोषी ठरले. नव्वद जण सेवनाचे, दंड भरून सुटले. दहा जणांना दहा-दहा वर्षं. सरासरी एक वर्ष. पण एक वर्षाची शिक्षा शंभरातल्या एकालाही झालेली नाही! एनडीपीएसच्या शिक्षांचा आलेख उंटासारखा असतो, दोन मदारींचा, आणि सरासरी बरोबर मधल्या खोलगट भागात पडते.

दोषसिद्धीच्या टक्केवारीचंही तसंच. ‘एनडीपीएसमध्ये दोषसिद्धी जास्त’ असं तुम्ही लिहिलंय. ती काढताना छेदात निकाल लागलेले खटलेच असतात, तुंबलेले नाहीत. आणि त्यात सेवनाचे खटले भरपूर. सेवनाच्या केसमध्ये पोरगा दंडाधिकाऱ्यापुढे उभा राहतो, गुन्हा कबूल करतो, दंड भरतो, दुपारी घरी जातो. वकील लावून तारखांना येण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. पुन्हा कल्पनेतलाच हिशेब: सेवनाचे ९०० निकाल, ८९० दोषी, विक्रीचे १०० निकाल, ४० दोषी. एकत्र दोषसिद्धी ९३ टक्के. पत्रकार परिषदेत ९३ झळकेल, आणि विक्रेत्यांपैकी साठ सुटले हे त्यात दिसणारही नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, वैयक्तिक सेवनासाठी बाळगणं आणि विक्रीसाठी बाळगणं हे दोन रकाने वेगळे देतो. तुम्ही ते कधीही एकत्र करू नका.

विक्रीचे खटले सुटतात कशात? बहुधा कागदात. झडतीआधी कलम ५० चा हक्क नीट समजावला नाही, मिळालेली माहिती कलम ४२ प्रमाणे लिहून वरिष्ठांना कळवली नाही, कलम ५२अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यासमोर नमुने काढले नाहीत, किंवा पंच फितूर झाला. सी.ए. रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, उशिरा येणं हे तर रोजचंच. लोक याला पळवाटा म्हणतात. किमान दहा वर्षांची शिक्षा आणि जामीन जवळजवळ नाही, एवढा कडक कायदा करताना संसदेनं ही कुलपं मुद्दाम बसवली. कुलूप न लावता चोरी झाली म्हणून कुलपाला दोष देण्यात अर्थ नाही.

शिक्षा कमी पडताहेत का, याला माझं उत्तर: कायद्यातली शिक्षा कमी नाही, ती होईल याची खात्री कमी आहे. नाक्यावरचा पुडीवाला कलम वाचून धंद्यात येत नाही. मी इतक्या जणांशी बोललोय, अटक होण्याआधी ५० ग्रॅमची रेघ माहीत असलेला विरळाच. वरच्या साखळीतल्यांना मात्र ती पाठ असते, आणि म्हणूनच ते खालच्याच्या हातात ४० ग्रॅम देतात.

रेघेच्या आसपास काय घडतं यावर अमेरिकेत चांगलं काम झालंय. तिथे २०१० मध्ये क्रॅक कोकेनसाठी दहा वर्षांच्या किमान शिक्षेची रेघ ५० ग्रॅमवरून २८० वर नेली. नंतर अभ्यासकांनी बघितलं तर २८० च्या जरा वरच्या वजनाच्या केसेसची गर्दी झालेली, जी आधी नव्हती. तुम्ही पुण्याच्या निकालपत्रांवर हाच प्रयोग करा. एमडीची वजनं ४० ते ६० ग्रॅममध्ये आणि गांज्याची १८ ते २४ किलोमध्ये कशी पसरलीत ते मांडा. तुमच्या प्रबंधातलं ते एक प्रकरण बाकी सगळ्यावर भारी ठरेल. गांज्यात आणखी एक मेख आहे. कायद्यानं गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. बी आणि पानं शेंड्यांसोबत नसतील तर ती गांज्यात मोडत नाहीत. पंचनाम्यात ‘काड्या, पाने, बिया यांसह’ असं लिहिलंय का ते जरूर टिपून ठेवा.

आता नशेमुळे गुन्हे होतात का. पॉल गोल्डस्टीन या अमेरिकी अभ्यासकानं १९८५ मध्ये याची तीन भागांत विभागणी केली, ती अजून कामाची आहे: नशेच्या अमलाखाली केलेला गुन्हा, नशेच्या पैशांसाठी केलेला गुन्हा, आणि नशेच्या धंद्यातली मारामारी. आपल्याकडे एफआयआरमध्ये यातला कुठलाच रकाना नाही. शिवाय एनसीआरबी एका एफआयआरमधला सगळ्यात गंभीर गुन्हाच मोजतो. खुनाच्या आरोपीच्या खिशात पुडी सापडली आणि दोन्ही एकाच एफआयआरमध्ये गेलं, तर तो खून म्हणून मोजला जाईल, पुडी नाहीशी. तुरुंगात जाऊन ‘दहापैकी सहा कैदी व्यसनी’ असं मोजलंत तरी फार काही हाती लागणार नाही, कारण व्यसन असून कधीच न पकडले गेलेले तिथे भेटत नाहीत. आणि व्यसनी माणूस पकडला लवकर जातो, तो कसला योजना करून चोरी करतोय.

माझ्या अशिलांमध्ये पैशांसाठीचा गुन्हा जास्त दिसतो. मोबाईल, दुचाकी, बांधकामावरची तांब्याची वायर. पण पहिली चोरी बहुतेकांनी घरात केलेली असते. आईचं मंगळसूत्र, बापाच्या पगारातल्या नोटा, बहिणीच्या लग्नासाठी घेतलेली भांडी. एक मावशी माझ्याकडे मुलाच्या जामिनाचे कागद घेऊन यायच्या. त्यांच्या हातातल्या पाटल्या तीन तारखांत तीन वेळा कमी झाल्या. तिसऱ्यांदा मी विचारलं तर म्हणाल्या, ‘‘वकील साहेब, तक्रार कुणाची करू?’’ हे गुन्हे कुठल्याही ठाण्याच्या नोंदीत नाहीत. ते मोजायचे असतील तर तुम्हाला आकडे सोडून घरात जाऊन बसावं लागेल, आणि समाजकार्याच्या विद्यार्थिनीला ते वकिलापेक्षा चांगलं जमेल.

कलम ६४अ वर अर्धं पान तरी लिहा. सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या आरोपात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला आणि ते पुरे केले, तर त्याच्यावरचा खटला चालत नाही. कलम ३९ प्रमाणे दोषी ठरल्यावरही कोर्ट त्याला उपचारासाठी सोडू शकतं. २२ वर्षांत मी ६४अ चे अर्ज केले ते हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. चूक माझीही आहे. दंड भरून दुपारी घरी जाता येत असताना सहा महिने उपचारांचे कागद कोण गोळा करणार, असं मीच अशिलाला सुचवत आलो. त्यातले काही पुन्हा आले, त्याच बाकावर.

कामाची सुरुवात अशी करा. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचं मुख्यालय पाषाण रस्त्यावर आहे, त्यांचा वार्षिक अहवाल घ्या आणि एनसीआरबीच्या महानगरांच्या तक्त्यांशी ताडून बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यामुळे चोरी-मारामारीची कलमं वर्षाच्या मधेच बदलली. त्या वर्षाला हात घालणार असाल तर सहा-सहा महिने वेगळे धरा, नाहीतर २०२३ ला थांबा. निकालपत्रं ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, कायदा आणि कलम टाकून शोधता येतं. दोनशे निकालपत्रं वाचायला तीन महिने पुरतात. एका तक्त्यात पदार्थ, अटकेची तारीख, जामिनाची तारीख, निकालाची तारीख, आरोपीचं वय, काम, खासगी वकील की विधी सेवेचा, दंड किती आणि तो भरला की त्याऐवजी कैद भोगली, एवढे रकाने करा. वजनासाठी दोन रकाने ठेवा, पिशवीसकट आणि पिशवीशिवाय. दुसरा रकाना बऱ्याचदा रिकामा राहील. रिकामे किती राहिले तेही मोजा.